बैठकीचं हाड

श्रोणीचं हाड उलटं धरते मी टेबलावर,
डिसेक्शन हॉलचा पंखा घरघरत असतो,
आणि विचारते, हा खडबडीत उंचवटा कशाचा?
पोरं पुस्तकातलं सांगतात : आसनास्थीचा.
वर चौकोन, खाली त्रिकोण,
मांडीमागच्या तिन्ही स्नायूंची इथंच दावण.

बरोबर. आता जरा बाकावर हलून बघा.
चाळीस पोरं एकदम हलतात.
उभं असताना याच्यावर
कुल्ह्याच्या मोठ्या स्नायूचं पांघरूण असतं.
बसलात की ते वर सरकतं
आणि माणूस उरतो थेट हाडावर.
मध्ये थोडी चरबी, एक चपटी थैली,
आत थेंबभर वंगण.

इथवर मी दरवर्षी सांगते.
पुढचं सांगताना फळ्याकडं वळते.

पहिल्या वर्षी, याच हॉलमध्ये,
सरांनी त्या थैलीच्या सुजेचं
जुनं विलायती नाव सांगितलं : विणकराचं बूड.
हॉल फुटला हसून.
मीही हसले,
जरा जास्तच, कुणाला कळू नये म्हणून.

त्याच वेळी भद्रावती पेठेत
नायना खड्डामागावर होते.
पाय खड्ड्यात, बूड काठावरच्या फळीवर,
फळीवर पोत्याची घडी.
उजवी पावडी दाबली की भार डाव्या हाडावर,
डावी दाबली की उजव्या.
धोटा इकडून तिकडं, नायना तिकडून इकडं,
आणि सोलापूरचं ऊन पत्र्यावर.

मी चुळबुळ केली की ओरडायचे,
कूसो, बिड्डा! एका जागी बूड टेकव.
बूड टेकलं की विद्या येते म्हणायचे.
टेकवलं. आली.

जेवताना ते एका बाजूला कलून बसायचे.
आम्हा भावंडांना वाटायचं, ऐट आहे.

दुखणं त्यांनी सांगितलंच नाही कधी.
खोकल्यासाठी सिव्हिलला आणलं तेव्हा
ओपीडीबाहेर बाकडं रिकामं होतं
आणि नायना दोन तास उभे.
तिथं मला दिसलं.
दहा वर्षं हाडं शिकवून तिथं दिसलं.

डॉक्टर शिरीन मुजावरनं त्यांना कुशीवर निजवलं,
गुडघा छातीशी घ्यायला लावला,
म्हणजे स्नायू सरकतो आणि हाड अंगठ्याखाली येतं.
मी पडद्याबाहेर.
एक बारीकसं ‘हं’ ऐकू आलं, बस.
कधीपासून दुखतंय, काका?
नायना सालं मोजत नव्हते.
इरकली लुगडी सुटली, पडद्याचं कापड आलं,
तेव्हापासून.
मधे भोक असलेली गादी घ्या, म्हणाली ती,
तासातासानं उठा.
मागाला तास नसतो, ताई, वार असतो.

कधी लेबर रूममध्ये उभी असते मी पोरांबरोबर,
तिथं याच दोन उंचवट्यांच्या मध्ये
बंद मूठ बसते का बघतात,
चार बोटांची पेरं मावली की खालची वाट पुरेशी.
घोंगडे वस्तीतली विड्या वळणारी बाई,
सूप मांडीवर घेऊन उभा जन्म बसलेली,
आज पहिल्यांदाच पाठीवर आडवी.
मूठ मावली तिची.
आमच्या आईची कुणी मोजली नव्हती. मी झाले.

यंदा फळ्याकडं वळले नाही.
नाव सांगितलं तसं हॉल फुटला, फुटतोच.
हसून होऊ दिलं.
मग म्हणाले, माझ्या वडलांना आहे.

पंखा ऐकू आला.
तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं
पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं,
मॅडम, परीक्षेत येतं का हे?

येतं, म्हणाले,
आणि हाड शरीरात असतं तसं
सुलटं धरलं.